बिननात्याच्या पन्नास बायका

माणसाचं शरीर हाडांवर उभं असतं आणि समाज नात्यांवर. हा विचार पंडितभाऊंचा स्वतःचा होता, आणि सुरतेतल्या नवागामच्या खानदेश मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात, सचिव म्हणून, घसा साफ करून त्यांनी तो मांडला होता. नेमका त्याच क्षणी माइक बंद पडला आणि मागे मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण उघडलं. विचार पहिल्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्यांपर्यंत पोचला. त्यांतल्या एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरी झोपली होती. तिसरी म्हणजे पंडितभाऊंची आई, सरलाबाई. घरी आल्यावर ती म्हणाली, "त्या भोंगामा तू काय बोलना रे? माले तं भातनाच वास ई ऱ्हायंता."

पंडितभाऊ पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर. अमळनेरहून बी.कॉम. झालेले. नवागामसारख्या, घरटी दोन माणसं लूमवर असलेल्या वस्तीत बी.कॉम. ही पदवी बॅरिस्टरच्या जरा वरच धरली जाते. रेशनकार्डात नाव घालणं, गावच्या तलाठ्याला अर्ज लिहिणं, पोरांच्या शाळेत जाऊन गुजराती मास्तरांशी सभ्यपणे भांडणं, ही सगळी कामं त्यांच्याकडे येत. मोबदला म्हणून लोक त्यांना 'भाऊ' म्हणत. वयाने मोठे असलेलेही म्हणत. पंडितभाऊंना याहून जास्त काही नको होतं. कमी मात्र चाललं नसतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या होळीनंतर सरलाबाई घराच्या उंबऱ्यावरून पडली. उंबरा तो केवढा, पण मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला, जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि म्हणाला, "हाडकां पोलां थई गयां छे." हाडं पोकळ झाली आहेत, हे गुजरातीत ऐकलं तरी पंडितभाऊंनी आईचा दुसरा हात घट्ट धरला. कारण सरलाबाईची थोरली बहीण, धरणगावची मावशी, अशीच एकदा न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि नंतर खाटेवरून उठली ती चौघांच्या खांद्यावरच. त्या खाटेशेजारी पंडितभाऊंनी एक उन्हाळा काढला होता.

आता प्रश्न हंड्याचा होता. पंडितभाऊ दुसऱ्या मजल्यावर राहत. नळाला पाणी फक्त सकाळी, आणि तेही तळमजल्यापर्यंतच. तळमजल्यावर अनुसयाबाई. ती वर्ध्याकडची, सरलाबाईच्या वयाची, आणि एकाच वर्षी दोघी नवऱ्यामागून सुरतेत आलेल्या. अनुसयाबाईच्या नळाला एक छोटी मोटर आणि मोटरीला लांब रबरी पाइप जोडून पंडितभाऊंच्या पिंपात पाणी चढे. वर्षानुवर्षं चढत होतं. पण पिण्याचं पाणी सरलाबाई स्वतः खालच्या सार्वजनिक नळावरून दोन हंडे भरून कमरेवर आणी, कारण पाइपच्या पाण्याला रबराचा वास येतो. मनगट बरं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हंडा घेऊन जिन्यात.

"माय, डाक्टरनी काय सांगं? हंडा उचलाना नई."

"डाक्टर माणूस शे. माणूस चुकस."

"मग कोणाचं ऐकशील?"

"मशीन सांगी तं ऐकसू."

हे ती उगाच बोलली नव्हती. तिचा नवरा जन्मभर लूमवर होता. धागा तुटला की लूम थांबतं आणि तुटला नसेल तर थांबत नाही, माणूस मात्र दोन्ही वेळा थांबून विडी ओढतो, एवढं तिने आयुष्यभर पाहिलं होतं. पंडितभाऊंनी तिचा शब्द पक्का पकडला. हाडं मोजणारं मशीन तेव्हा सुरतेत कुठे आहे, याचा कुणालाच पत्ता नव्हता. पण मिलच्या वेलफेअर ऑफिसरने कुठूनसा पत्ता काढला, आणि एका दुपारी पंडितभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून डॉ. हंसाबेन यांच्यासमोर बसले.

हंसाबेन संशोधन करत होत्या. म्हातारपणी काही बायकांची हाडं ठणठणीत राहतात आणि काहींची पोकळ होतात. याला खाणंपिणं कारण की आईबापांकडून आलेल्या एका विशिष्ट जीनमधला फरक, हे त्यांना पाहायचं होतं. त्या जीनचे तीन प्रकार असतात. सुरतेतल्या वेगवेगळ्या समाजांतल्या साठीपुढच्या बायकांचं थोडं रक्त घ्यायचं आणि एका पेटीएवढ्या मशीनमध्ये टाच ठेवून हाड मोजायचं. पटेल झाले होते, घांची झाले होते, खानदेशी राहिले होते.

"पचास औरतें चाहिए, पंडितभाई. एक ही जगह पर. नहीं तो मशीन लाना पोसाता नहीं."

"पचास? बेन, आमारे मंडळमें चारसो घर है."

"बस एक शर्त है. आपस में खून का रिश्ता नहीं होना चाहिए."

पंडितभाऊ हसले. एवढीशी अट! पुढे कित्येक महिने, हंडा घेऊन जिना चढताना, त्यांना आपलं ते हसणं आठवायचं होतं.

बातमी फुटताच पहिला सल्ला लक्ष्मणने दिला. लक्ष्मण शेजारच्या घरात राही. बमरोलीला त्याची चार लूम होती आणि चार लूम असलेल्या माणसाला सर्व विषयांवर मत असावं अशी त्याची समजूत होती. शिवाय चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये सगळं नवागाम भुसावळच्या गाडीला लोंबकळून पळालं तेव्हा तो सुरतेत राहिला होता, त्यामुळे आरोग्य या विषयात तो अधिकारी समजला जाई. गाडीत शिरायला जागा मिळाली नव्हती, हा तपशील तो सांगत नसे.

"भाऊ, रक्त घेऊन ते करणार काय?"

"तपासणार."

"आणि उरलेलं?"

"उरत नाही रे. एवढीशी बाटली असते."

"तसं नव्हे. पण तुम्ही विचारून ठेवा. सचिव आहात."

मग जीन म्हणजे काय हा प्रश्न निघाला. ओट्यावर दहाबारा बायका, त्यांचे मुलगे, सुना. पंडितभाऊंनी विचार केला, खानदेशी माणसाला कपाशी समजते. ते म्हणाले, "हे बघा, कपाशीचं बियाणं असतं. एका बियाण्याची बोंडं टपोरी, एकाची बारीक. तसं आपल्या आईबापांकडून आपल्यात बियाणं येतं. रक्तातून ते कळतं." उदाहरण उत्तम होतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडलेला दिसला. तो जरा जास्तच पडला होता.

"म्हणजे," लक्ष्मण सावकाश म्हणाला, "कुणाचं बियाणं कुठलं, ते यांना कळणार."

ओट्यावर कुणी कुणाकडे बघेना. दुसऱ्या दिवशी एक आख्खी गल्ली मागे फिरली. कुणाला ताप आला, कुणाला गावाला जायचं होतं, आणि एका सत्तरीच्या बाईने सुनेकरवी कळवलं की तिचा नवरा हयात नाही, त्याला विचारल्याशिवाय ती रक्त देणार नाही. तसलं काही कळत नाही, फक्त हाडांचं कळतं, हे समजावत पंडितभाऊ दारोदार फिरले. अखेर सरलाबाईनेच ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "जिना मनमा काही नई, ती येई." त्यानंतर न येण्याची सोय कुणालाच उरली नाही.

मग कागद. संमतीपत्र गुजरातीत होतं, ते मराठीत हवं. पंडितभाऊंनी दोन रात्री बसून मराठी केलं. हंसाबेनच्या संस्थेतल्या समितीने कळवलं की मराठी बरोबर आहे की नाही हे समितीला कळत नाही, म्हणून ते पुन्हा गुजरातीत करून द्यावं, आणि ते दुसऱ्या माणसाने करावं. दुसरा माणूस लक्ष्मण मिळाला. त्याच्या गुजरातीत 'स्वेच्छेने' या शब्दाचं 'घरच्यांना विचारून' झालं आणि शेवटी 'काही झाल्यास पंडितभाऊ जबाबदार' असं एक वाक्य नव्यानेच आलं. समितीला ते पसंत पडलं. त्यांनी ते वाक्य मूळ मसुद्यातही घालायला सांगितलं.

वयाच्या पुराव्यात आणखी एक आठवडा गेला. जन्मदाखला असणाऱ्या बायका त्या पिढीत जन्मल्याच नव्हत्या. नवीन फोटोवालं मतदार कार्ड होतं, पण त्यावर शांताबाईचं वय सव्वीस होतं आणि तिच्या थोरल्या मुलाचं चव्वेचाळीस. तिची धाकटी सख्खी बहीण मालतीबाई कार्डाप्रमाणे तिच्याहून पस्तीस वर्षांनी मोठी होती, आणि हा अपमान ती निवडणुकीपासून मनात ठेवून होती. शेवटी हंसाबेन म्हणाल्या, नातवंडं दाखवा, चालेल.

पहिला रविवार उजाडला. मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये टेबल, टेबलामागे हंसाबेन, एक नर्स, आणि कोपऱ्यात चादरीखाली मशीन. बायका नवी लुगडी नेसून, टाचा दगडाने घासून आल्या होत्या. पन्नास कसल्या, सत्तर तरी असतील. पंडितभाऊ दारात हात मागे बांधून उभे होते. लग्नात मुलीचा बाप पंगतीकडे बघतो तसं ते बघत होते.

हंसाबेननी मालतीबाईला विचारलं, "यहाँ आपकी कोई रिश्तेदार है?"

मालतीबाईने मागे वळून हॉलवर नजर फिरवली. "कुठून सांगू?" ती म्हणाली. "ही मन्ही याहीन. म्हणजे विहीण. हिच्या फुईची, म्हणजे आत्याची, नात मन्ही भाची-सून. ही निळ्या लुगड्याची मन्ही चुलतसासू, पण वयाने लहान आहे, म्हणून मी तिला बहीणच म्हणते. ती मन्ह्या माहेरच्या गावची, म्हणजे बहीणच झाली. आणि ही शांताबाई."

"ये कौन?"

"ही सख्खी बहीण, पण आम्ही बोलत नाही."

हंसाबेननी कागदावर रेघा ओढायला सुरुवात केली. दुपारपर्यंत त्या कागदाची अवस्था लूमच्या बीमवर धागे तुटून गुंता झालेल्या ताण्यासारखी झाली. एक बाई नात्यातून बाहेर काढावी तर ती दुसऱ्या बाजूने मावशी होऊन आत येई. गावनातं, मानलेलं नातं, सोयरीक मोडली तरी राहिलेलं नातं, आणि अजून न जुळलेल्या सोयरिकीचं संभाव्य नातं. एक बाई तर कुणाचीच नव्हती. पण तिला तसं राहणं बरं वाटेना, म्हणून तिने तिथल्या तिथे शेजारणीला नणंद करून घेतलं. सरलाबाईला विचारलं तेव्हा तिने अनुसयाबाईच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य सांगितलं, "ही मन्ही बहीन, लिखा."

"सगी?"

"सख्खीनाबी वर."

संध्याकाळी हिशोब झाला. अटीत बसणाऱ्या बायका तीन. त्यांतली एक समोरच्या उडिया पानवाल्याची आई होती. ती गर्दी कसली म्हणून बघायला आत आली होती. मशीनवरची चादर निघालीच नाही.

"पंडितभाई, तमे तो कहेता हता के चारसो घर छे."

"चारसो छे, बेन. पण अंदरसे एकज छे."

हंसाबेन भली बाई. त्यांनी समजावलं: सख्ख्या बहिणी, मायलेकी, मावशी-भाची, मामे-आते-चुलत बहिणी एवढंच टाळायचं. लग्नाने जुळलेलं नातं चालतं, मानलेलं चालतं, गावचं चालतं. त्यांचं रक्त वेगळं असतं. पुढच्या रविवारी शेवटची संधी. बायकांना नीट सांगून ठेवा, रक्ताचं नसेल तर नातं नाही म्हणून सांगायचं.

वाक्य सोपं आहे. पण खानदेशात 'आमचं काही नातं नाही' हे वाक्य एकाच प्रसंगी उच्चारतात. लग्नात मानपानावरून ताट लोटून माणूस उठतो तेव्हा. त्यानंतर पुढची एक पिढी त्या घरचं पाणी पीत नाही. आणि पंडितभाऊंना हे वाक्य सत्तर म्हाताऱ्यांकडून, हसतमुखाने, एका रांगेत म्हणवून घ्यायचं होतं.

ते आठवडाभर मिलमधून सुटले की घरोघर गेले. सुरुवातीला ते 'रक्ताचं नातं' असं पूर्ण सांगत. तिसऱ्या गल्लीपर्यंत घसा बसला आणि 'रक्ताचं' गळून पडलं. "आजी, रविवारी विचारतील. सांगायचं, नातं नाही." आजी विचारी, "का रे भाऊ, काय झालं?" पंडितभाऊ म्हणत, "काही झालं नाही. कागदासाठी." कागदासाठी म्हटल्यावर सगळ्या राजी झाल्या. कागदासाठी या देशात माणूस काहीही म्हणायला राजी होतो. शांताबाई तर सव्वीस वर्षांची झाली होती.

सगळ्यांना सांगून झालं. फक्त अनुसयाबाईला सांगायचं राहिलं, कारण ती त्या आठवड्यात भाच्याच्या साखरपुड्याला वर्ध्याला गेली होती. पंडितभाऊंना वाटलं, ती आपलीच, तिला काय सांगायचं.

दुसरा रविवार. सगळं लूमसारखं चाललं होतं, खटाखट. नातं? नाही. नातं? नाही. शांताबाई आणि मालतीबाई एकामागून एक आल्या आणि आपण एकमेकींना ओळखतही नाही असं सांगून गेल्या. त्यांना या कामाचा सराव होता. हंसाबेननी दोघींच्या नाकांकडे पाहिलं. नाकं एकाच साच्यातली होती.

"इन दोनों की नाक...?"

"तापीचं पाणी, बेन," पंडितभाऊ घाईने म्हणाले.

मग सरलाबाई टेबलासमोर बसली. सरकारी कामात मोठ्याने बोलावं लागतं असा तिचा अनुभव होता.

"और वो अनुसयाबेन? पिछली बार आपने कहा था बहन है."

सरलाबाईने मुलाकडे पाहिलं. मुलाने मान हलवली.

"मन्ही कोनी नई!" सगळा पत्रा दणाणला. "काहीच नातं नई! ती वर्धानी, मी धरणगावनी. आठे ऱ्हास म्हनीसन वळख शे, बाकी काही नई!"

अनुसयाबाई दारात उभी होती. स्टेशनवरून तशीच आली होती. हातात सरलाबाईसाठी आणलेली सांडग्यांची पिशवी. पंडितभाऊंनी तिला पाहिलं आणि त्यांना एकदम कळलं की या संपूर्ण मोहिमेत एक घर राहून गेलं होतं.

अनुसयाबाई पुढे आली, टेबलाशी थांबली. "बराबर आहे," ती म्हणाली. "लिवून घ्या बाई, कोनी नाई. मी बी तेच सांगतो." मग तिने रक्त दिलं, मशीनमध्ये टाच ठेवली, नर्सला 'झालं का' विचारलं, आणि पिशवी घेऊन निघून गेली. आलेलं काम अर्धवट सोडण्यातली ती नव्हती.

सरलाबाईचीही टाच मशीनमध्ये गेली. मशीन घरघरलं, थांबलं. हंसाबेननी आकडा पाहिला आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "माजी, हड्डियाँ बहुत कमज़ोर हैं. गिरना नहीं है. वज़न बिल्कुल नहीं उठाना."

एवढ्यासाठी सगळं होतं. पंडितभाऊ आईसमोर उकिडवे बसले. "ऐकलं माय? मशीननी सांगं."

सरलाबाईने मशीनकडे नीट निरखून पाहिलं. "यानी काय देखं?"

"तुझी टाच."

"मंग टाचनी गोट टाचले सांग," ती पाय पुसत म्हणाली. "हंडा मी कंबरवर लेस."

संध्याकाळी पंडितभाऊंच्या दारात पाइप ठेवलेला होता. अनुसयाबाईने तो नळावरून सोडवला होता, आतलं पाणी काढून, फडक्याने पुसून, गोल गुंडाळून, सुतळीने बांधला होता. नुसता फेकला असता तर पंडितभाऊंना भांडायला तरी जागा मिळाली असती. सुतळीची गाठ पाहून पंडितभाऊंच्या पत्नी सुषमावहिनी म्हणाल्या, "तुम्ही आईंची हाडं मोजायला गेला होतात ना? आता माझी मोजून ठेवा. पिंप भरायला वीस हंडे लागतात."

दुसऱ्या दिवसापासून फोल्डिंग खात्याचे सुपरवायझर, मंडळाचे सचिव, बी.कॉम., हंडा घेऊन जिना चढू लागले. लक्ष्मण ओट्यावर दात घासत बसलेला असे. "भाऊ, खांद्यावर नाही जमायचा. कमरेवर घ्या. वहिनींना विचारा कसा घेतात." कुणी म्हणे भाऊंनी नोकरी सोडली का. कुणी म्हणे व्यायाम आहे. एका बाईने आपलीही कळशी त्यांच्या हातात दिली, आता चाललाच आहात तर.

तेही चाललं असतं. पण सरलाबाईला पोराने पाणी भरलेलं बघवेना. नळाचा पहिला फुसकारा आला की ती त्यांच्या आधी उठून खाली जाई. मग पंडितभाऊ तिच्याही आधी उठू लागले. मग ती त्यांच्या आधी. मायलेकांची ही शर्यत अंधारात, ओल्या जिन्यावर चाले. आणि एका सकाळी पंडितभाऊ दार उघडतात तोच जिन्यात हंडा गडगडत गेल्याचा आवाज झाला. तो आवाज एकेक पायरी मोजत तळमजल्यापर्यंत गेला.

सरलाबाई मधल्या पायरीवर बसलेली होती. सगळं लुगडं भिजलेलं. पंडितभाऊ धावत तिच्यापर्यंत उतरले. त्यांना धरणगावची खाट दिसत होती. खाली अनुसयाबाईचं दार उघडलं. तिने वर पाहिलं. सरलाबाईने एक पाय हलवून पाहिला, मग दुसरा हलवला. अनुसयाबाईने तेवढं पाहिलं, हंडा उचलून भिंतीशी उभा ठेवला आणि दार लावून घेतलं.

"काही मोडनं नई," सरलाबाई म्हणाली. "हंडाले पोचा पडना."

त्या दिवशी पंडितभाऊंनी रजा टाकली आणि अनुसयाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. "मावशी, चूक माझी. मीच तिला तसं बोलायला सांगितलं होतं."

"तुमी कायले माफी मागता, भाऊ? तुमी बोलले का? तुमची माय बोलली, साऱ्या गावासमोर. तीस वर्सं माह्या नळाचं पानी पेली... नाई, पेली बी नाई, पाइपाचा वास येते म्हने."

"ते कागदासाठी होतं."

"मंग कागदावर नाई लिवलं का तिनं, का मी कोनी नाई? आता कागद खोटा करू का मी?"

वर आईकडे गेले. "माय, एकदा जाऊन बोल तिच्याशी."

"तूच सांगं बोल, मी बोलनू. आते तूच सांगस माफी माग. तुन्हं एक ठरव."

गल्लीत इतरत्रही फार बरं नव्हतं. ज्या बायकांनी हसत हसत नातं नाही म्हटलं होतं, त्यांना घरी आल्यावर ते आठवायला लागलं. कोण किती पटकन म्हणालं, कोण म्हणताना थांबलं नाही, कुणी मान हलवून म्हटलं. लक्ष्मणच्या मुलीची सोयरीक अडली, कारण मुलाच्या मावशीने लक्ष्मणच्या आईला टेबलापुढे ओळख नाकारली होती. "भाऊ, पन्नास बायका जमवा म्हटलं होतं त्यांनी," लक्ष्मण म्हणाला, "फोडा नव्हतं म्हटलं." पंडितभाऊंना एवढंच समाधान होतं की हंसाबेनची अट आता खरोखर पूर्ण झाली होती. नवागाममध्ये कुणाचं कुणाशी नातं उरलं नव्हतं.

पावसाळा गेला, गणपती गेले. मंडळाच्या आरतीला बायका चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभ्या राहिल्या. दसऱ्यानंतर हंसाबेन पुन्हा आल्या. रक्ताचा निकाल आला होता आणि ज्यांनी विश्वासाने रक्त दिलं त्यांना तो सांगावा असं त्यांना वाटत होतं. प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी, चिठ्ठीवर प्रकार: पहिला, दुसरा किंवा तिसरा.

"याचा अर्थ काय, ते मी समजावतो," पंडितभाऊ पुढे झाले.

"तुम्ही नको," दहाबारा जणी एकदम म्हणाल्या.

चिठ्ठ्या वाटल्या आणि हॉलमध्ये एकच गलका झाला. रेशनची साखर आल्यासारख्या बायका एकमेकींच्या चिठ्ठीत डोकावू लागल्या. तुला कितवा? तुला कितवा? शांताबाईला पहिला आला आणि मालतीबाईला तिसरा. "मी म्हनतच व्हतू!" शांताबाई ओरडली. "ही मन्ह्या मायनी नईच! हिले दवाखानामा बदलेल शे!" सख्ख्या बहिणींतही वेगवेगळे प्रकार येतात, दोघी आईबापांकडून वेगवेगळा वाटा घेऊन येतात, हे हंसाबेन हिंदीत, गुजरातीत आणि हातवारे करून सांगत राहिल्या. पण मालतीबाई एव्हाना लक्ष्मणच्या आईच्या गळ्यात पडली होती. तिलाही तिसरा आला होता. मुलाची मावशीही तिसऱ्यातली निघाली. सोयरीक तिथेच पुन्हा जुळली.

सरलाबाई खांबाशी बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने चिठ्ठी मुलाकडे धरली. "दुसरा," पंडितभाऊ म्हणाले.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला अनुसयाबाई उभी होती. तिला थोडंफार वाचता येई. तिने आपली चिठ्ठी पाहिली, मग पुन्हा पाहिली, आणि गर्दीतून वाट काढत सरळ सरलाबाईपुढे आली.

"दुसरा," ती म्हणाली. "डाक्टरीनबाईच्या मशीनीतून निंगालं, सरले. आता म्हन, कोनी नाई."

सरलाबाईने तिच्याकडे पाहिलं. मशीनने सांगितलेलं ती नाकारत नसे. टाचेचं तेवढं वेगळं. ती मग पदर सावरून सरकली आणि खांबाशी जागा केली.

"बस," ती म्हणाली. "सांडगा कोठे शेतस? जून महिनापासून वाट देखी ऱ्हायनू."

"खाल्ले मी."

"समदा?"

"रागात भूक लागते बाप्पा."

त्याच संध्याकाळी अनुसयाबाईने स्वतः सुतळी सोडून पाइप पुन्हा नळाला लावला. सकाळी पिंप भरलं. पंडितभाऊ जिन्यात रिकाम्या हातांनी उभे होते आणि त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. सरलाबाईने पिंपातून एक पेला पाणी काढलं, वास घेतला, प्यायली.

"वास येतो?" पंडितभाऊंनी भीत भीत विचारलं.

"येस," ती म्हणाली. "पन रगतनी बहीनना घरना शे." हंडा तिने उपडा घातला, त्यावर पाट ठेवला आणि बसून भाजी निवडू लागली.

पंडितभाऊ भरून पावले. विज्ञानाबद्दल त्यांना प्रथमच मनापासून आदर वाटला. आठवड्याने, गावाला गेलेल्या बायकांच्या उरलेल्या चिठ्ठ्या परत करायला ते हंसाबेनकडे गेले, आणि निघता निघता त्यांनी जरा संकोचून विचारलं, धरणगाव आणि वर्धा यांच्यात मागे कधी, चारपाच पिढ्यांपूर्वी, काही रक्ताचं असू शकेल का. म्हणजे दोघींचाही दुसरा प्रकार निघाला, म्हणून.

हंसाबेननी चष्मा काढला. "पंडितभाई, दूसरा तो आधे लोगों का निकलता है. मेरा भी दूसरा है. वो हॉल के सामने वाले पानवाले की माँ का भी."

"अच्छा. और वो हड्डी का?"

"वो सब हिसाब कर लिया," हंसाबेन चिठ्ठ्या फायलीत घालत म्हणाल्या. "पहला, दूसरा, तीसरा, हड्डी में कोई फ़र्क नहीं निकला."